चर्चमधला ड्रेसकोड फक्त पोरींनाच का?

मा. संपादक साहेब,
जय ख्रिस्त.

2023 मध्ये नागपुरातल्या चार देवळांनी ड्रेसकोड जाहीर केला तेव्हापासून या विषयावर लोक बोलतातच, आणि दरवेळी मला कोणीतरी म्हणतं की तुम्हा ख्रिश्चन लोकांचं बरं आहे, काही पण घालून चर्चला जाता येतं. असं काही नाहीये हो. आमच्याकडे बोर्ड नसतो, काकू असतात.

मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, सकाळच्या उपासनेलाच पंख्याखालच्या बाकासाठी घाई असते. कॉलेजची एक पोरगी बिनबाह्यांचा कुर्ता घालून आली, साधा सुती, गळा बंद, खाली सलवार. दारातच एका बाईनं तिला थांबवलं, स्वतःची ओढणी काढून तिच्या खांद्यावर टाकली आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे देवाचं घर आहे, बगीचा नाही." पोरगी शेवटच्या बाकावर बसली, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला उठलीच नाही, आणि पुढच्या रविवारपासून यायची बंद झाली. मी त्याच बाकावर होती, सगळं पाहून राहिली होती, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

आता त्या काकूंना विचारलं तर बायबलमधलं, प्रेषित पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र दाखवतील, दुसरा अध्याय, बायकांनी मर्यादेनं राहावं. बरोबर आहे, मर्यादा शब्द आहे तिथे. पण वाक्य तिथेच संपत नाही ना! पुढे पौल नावं घेऊन सांगतो की काय नको, तर केसांची गुंफण, सोनं, मोती आणि महागडे कपडे. बाहीबद्दल एक अक्षर नाही. तीमथ्य तेव्हा इफिस शहरात होता, पैसेवाल्यांचं बंदराचं गाव, तिथल्या मंडळीत श्रीमंत बायका पण होत्या आणि गुलाम पण. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं पण बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तेच म्हटलंय, केस, सोनं, भारी कपडे. म्हणजे दोघांनाही खुपत होता तो थाट. आणि बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोब तर सरळ सीनच रंगवतो, सोन्याची अंगठी घालून झगझगीत कपड्यातला माणूस सभेत आला की तुम्ही त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता तू उभा राहा नाहीतर इथे माझ्या पायाशी बस. आमच्याकडे पुढचे बाक कोणाला मिळतात ते येऊन बघा एकदा.

नजरेचं म्हणाल तर प्रभू येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात ज्याचा डोळा घसरतो त्यालाच आपला डोळा उपटून टाक म्हटलंय, बाईला "ओढणी घे" असं नाही म्हटलं.

पेत्राचा "सौम्य आणि शांत आत्मा" पण पोरींना गप्प बसवायलाच वापरतात. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू स्वतःबद्दल म्हणतो, मी मनाचा सौम्य व लीन आहे. मूळ ग्रीकमध्ये पण दोन्हीकडे एकच शब्द आहे. मग सौम्यपणा बायकांचाच कसा झाला? बाप्या लोकांना कोणी शिकवलेला मी तरी ऐकला नाही, कमिटीच्या मीटिंगमध्ये तर अजिबातच नाही.

जाता जाता एक. मुक्तिफौज म्हणजे साल्वेशन आर्मी ही ख्रिस्ती संस्था, तिचे फ्रेडरिक टकर इंग्रज सरकारची आयसीएस नोकरी सोडून आले आणि 1882 मध्ये मुंबईत काम सुरू केलं, तर त्यांनी इथल्या गरिबांसारखं राहायचं म्हणून साहेबी कपडे टाकून भगवे घातले, अनवाणी फिरले. आणि आमचे वडीलधारे मे महिन्यात कोट घालून घाम पुसत बसतात. त्यांना कोण बोलणार बापा?

पण मी पण काही साधी नाही. मागच्या नाताळला सीताबर्डीवरून साडेसहा हजाराची साडी आणली, आठ दिवस सगळ्यांना दाखवत फिरली. आमच्या मंडळीतली एक ताई चार घरी स्वयंपाक करते, ती त्या दिवशी दिसली नाही. नंतर भेटली तेव्हा विचारलं, काहून नाही आली गं? तर म्हणते, "नवीन लुगडं नव्हतं ना ताई, तुम्ही सगळ्या चमकून राहता, मंग मी कायले येऊ?" आणि ती हसली. तिला दारात कोणी अडवलं नव्हतं. मला घरी येऊन ती साडी कपाटात ठेवताना कसंतरीच झालं.

यंदा महिला मंडळात मी सांगून टाकलं की नाताळला जुनीच साडी नेसणार, ज्यांना पटेल त्यांनी पण नेसा. दोघी हसल्या. तिसरी म्हणाली, "जुनी म्हणजे किती जुनी? माझी मागच्या वर्षीची पैठणी चालेल का?"

आपली वाचक,
सदर, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती)