वेस्टकोट मिळाला का त्याला?

प्रिय शुभे,

आठ महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. रागव, पण आधी वाच. माझी शुगर ताब्यात आहे, ह्यांचा गुडघा आहे तसाच. झालं.

परवा रात्री ‘एदुआर ए कारोलिन’ हा आपला फ्रेंच सिनेमा पुन्हा पाहिला. तीसेक वर्षांनी! आणि पाहिला तो इराबरोबर. साड्यांची दुकानं पालथी घालून पोरगी पार शिणली होती, म्हटलं हिला काहीतरी हसरं दाखवावं.

सुरुवात छान झाली. ते टीचभर घर, एदुआरचा पियानो, कारोलिनच्या श्रीमंत काकांकडे रात्री वाजवायला जायचं आणि ऐन वेळी सुटातला वेस्टकोटच सापडत नाही. इरा खुदकन हसली. “बाबांचा चष्मा,” म्हणाली. मग फॅशनला धरून नाही म्हणून कारोलिन आपल्याच गाऊनला कात्री लावते, नवरा-बायकोची जुंपते आणि एदुआरची ती थप्पड.

इराने स्पेसबार दाबला. चिवड्याची वाटी तिच्या मांडीवर तशीच होती, बोट त्या बटणावरच.

“आई, ही परत ह्याच्याकडे जाते?”

“जाते.”

“आणि हा तुझा लाडका सिनेमा?”

उठून खोलीत गेली.

आठवतं ना, ह्याच थपडेवरून आपण केवढ्या भांडलो होतो! गुडलकमध्ये बनमस्का पुढ्यात, चहावर साय धरलेली. तू म्हणत होतीस, कारोलिन घटस्फोट हवा म्हणते ना, मग तिथंच संपवायचं. मी तुला म्हटलं, तुझ्यात रसिकता कमी आहे. तू ताडकन उठलीस आणि बिल माझ्या गळ्यात पडलं. तुझे नऊ रुपये अजून येणे आहेत, बाई. आपटे सरांनी मध्ये पडून समेट केला नसता तर आज हे पत्र कुणाला लिहिलं असतं कोण जाणे.

मला तो सिनेमा अजूनही फार आवडतो, शुभे. १९५१ चा, जवळजवळ सगळा एका संध्याकाळचा आणि दोन घरांतला. कितीतरी वर्षं दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा सहायक राहिलेल्या जाक बेकेरने एका वेस्टकोटासाठी अख्खा संसार पणाला लावला आणि त्यात कुठे खोटं वाटू दिलं नाही. काकांच्या दिवाणखान्यातली ती भपकेबाज माणसं बघ. संगीताच्या नावाने जमलेली, पण लक्ष सगळं एकमेकांकडे. आणि हरिणीसारखे डोळे करून पुरुषांकडे बघणारी ती फ्लोरान्स! तू आठवडाभर हॉस्टेलच्या मेसमध्ये तेच डोळे करून जास्तीची पोळी मागायचीस. कारोलिन झालेली आन व्हेर्नोंच पुढे १९६४ मध्ये ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर्ग’ सिनेमात नायिकेची आई झाली, हे तूच मला दाखवलं होतंस.

बेकेरबरोबर पटकथा आनेत वादमाँने लिहिली, एका बाईने, हे मी इराच्या दाराशी जाऊन तिला सांगितलं. आतून उत्तर आलं, “म्हणून मारलेलं चालतं?”

शुभे, मी तिथंच उभी राहिले. २००४ साली दादाच्या रिसेप्शनहून परत आल्यावर ह्यांनी जे केलं ते जगात तुला एकटीला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी फोनवर मी तुला काय म्हटलं? “अगं, एदुआरने नाही का...” आणि हसले. तू गप्प बसलीस. कितीतरी वेळ नुसती लाइन चालू होती. परवा दाराशी मला तीच शांतता ऐकू आली. ह्यांनी पुन्हा कधी हात उचलला नाही, हे खरं. पण ते माफी मागायला आले तेव्हा मीच म्हटलं, जाऊ दे, नवरा-बायकोत व्हायचंच. त्यांना बोलूच दिलं नाही. कारोलिन निदान तोंडावर घटस्फोट मागते. मी तिचं तेवढं सोडून बाकी सगळं उचललं, आणि तुझ्याशी भांडले ते वर.

रात्री एक वाजता इरा बाहेर आली. माझ्याशेजारी बसली, पाय वर घेतले.

“वेस्टकोट मिळाला का त्याला?”

“कारोलिनच्या चुलतभावाकडून घेतो.”

“लाव.”

उरलेला सिनेमा आम्ही एका रजईत बघितला. हरिणीच्या डोळ्यांना ती इतकी हसली की हे जागे झाले आणि काय झालं म्हणून विचारायला आले. दारातच उभे राहून त्यांनी थोडा वेळ पाहिला. मला त्या क्षणी काहीतरी बोलायचं होतं. नाही बोलता आलं.

इराला २००४ चं अजून सांगितलेलं नाही. लग्नाआधी सांगायला हवं असं मला वाटतं, आणि एकटीला जमणार नाही असंही वाटतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा मोतीबिंदू उरकला का? निनादला नोकरी लागल्याचं वन्संकडून कळलं, फार आनंद झाला, त्याला सांग. लग्न मार्गशीर्षात आहे. तू आठ दिवस आधी ये, मुक्काम इराच्या खोलीत, तिला तसं सांगून ठेवलंय.

तुझी,
माधवी