वाळूमाशीच्या जखमेवर जागच्या जागी उपचार

मा. संपादक,

राजस्थानातला बिकानेर परिसर हे त्वचेच्या लिशमानियासिसचं, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाचं, आपल्या देशातलं जुनं ठाणं. वाळूमाशी चावते, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी गालावर किंवा हातावर लाल गाठ उठते, मधोमध फुटते आणि खपली धरते. फारशी दुखत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो. तिकडे नोकरीला असलेला कुणी गावी परतला, की आधी दुकानातून स्टेरॉइडचं मलम आणून चोळतो आणि जखम आणखी पसरते.

खरं तर मोजक्या, लहान जखमा असतील तर बहुतेकांना शिरेतून औषध देण्याची गरजच नसते. कडेचा भाग किंचित खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, गिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. परजीवी दिसले की निदान झालं. मग सोडियम स्टिबोग्लुकोनेट हे परजीवी मारणारं औषध जखमेच्या कडेत, ती पांढुरकी पडेपर्यंत टोचतात. हे इंजेक्शन चांगलंच दुखतं आणि पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. हातावर पोट असलेल्याने दर खेपेला मजुरी बुडवून तालुक्याला किती वेळा यायचं? द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा मार्ग आहे, पण तो नायट्रोजन खेड्यात पोचवणार कोण?

म्हणूनच मला उष्णतेचा उपचार मोलाचा वाटतो. जागा बधिर करून रेडिओफ्रिक्वेन्सी यंत्राची टोकं जखमेवर टेकवतात आणि ५० अंश सेल्सिअसची उष्णता ३० सेकंद देतात. मोठी जखम असेल तर टोकं सरकवत ती पूर्ण झाकतात. नंतर फोड येतो, मलमपट्टी करावी लागते, जखम भरायला आठवडे जातात. पण बहुधा एकाच खेपेत काम होतं. यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं. बिकानेरच्याच सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी यावर संशोधन करून दाखवलं आहे. जखमा पुष्कळ असतील, डोळ्याजवळ असतील किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर मात्र पोटातून वा शिरेतून औषध द्यावंच लागतं.

याच रोगाचा आतल्या अवयवांना ग्रासणारा, जीवघेणा प्रकार म्हणजे काळा आजार. तो हटवण्यासाठी भारत, नेपाळ, बांगलादेश यांनी २००५ साली करार केला. त्वचेचा प्रकार जीव घेत नाही, म्हणून तो मागे राहिला. पण चेहऱ्यावर कायमचा वण घेऊन वावरणाऱ्या मुलीला ही समजूत कशी घालायची? राजस्थान सरकारने बाधित भागातल्या आरोग्य केंद्रांना हे यंत्र द्यावं. आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनी न भरणारी जखम दिसली, की मलम लिहिण्याआधी ‘कुठे राहून आलात?’ एवढं नक्की विचारावं.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक