मित्राच्या गोळीबद्दल

चि. बाळास, आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, एका मित्राला लघवीला जळजळ होतेय, कुठली गोळी देऊ? समोर गिऱ्हाईक होतं. 'पाणी जास्त प्यायला सांग' म्हणून मी फोन ठेवला. पंचवीस वर्षं महाद्वार रोडला मेडिकल चालवतोय, आणि स्वतःच्या पोराशी बोलायला जीभ रेटली नाही. मित्र कोण, ते मी विचारणार नाही.

तुझ्याएवढी पोरं दुकानात येतात, गर्दी सरेपर्यंत च्यवनप्राशच्या किमती वाचत उभी राहतात. मग हळूच, 'काका, ते द्या की.' मीही कंडोमचं पाकीट पेपरात गुंडाळून देतो, चोरीचा माल असल्यासारखं. ही सवय आम्हीच लावली, लेका.

मित्राला सांग, अंदाजानं अँटिबायोटिक नको. जळजळ साध्या मूत्रसंसर्गानं होते, तशीच गनोरिया, क्लॅमिडिया या संबंधातून लागणाऱ्या रोगांनीही होते, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. चुकीच्या गोळीनं नुसता त्रास दबतो, जंतू आतच राहतो आणि जोडीदाराला लागतो. बाईला बहुतेक वेळा काही जाणवतच नाही, आणि तिकडं गर्भनलिका खराब होत राहतात. म्हणून तपासणी आणि औषध दोघांनाही हवं. तिला हे सांगताना त्याला घाम फुटेल. फुटू दे, पण सांगायचंच.

आपल्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. एचआयव्हीचा रिपोर्ट गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. दवाखान्यात जायला धीर होत नसेल तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. एक मात्र ध्यानात ठेव. संबंधानंतर चार दिवसांत एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, तीन महिन्यांनी परत करायचा. आणि धोका झालाय असं वाटलं तर 72 तासांच्या आत दवाखाना गाठायचा, एचआयव्हीची लागण टाळायला 28 दिवसांची औषधं असतात. जेवढी लवकर तेवढी बरी.

कंडोम खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवू नका, उष्णतेनं रबर खराब होतं. कंडोमला तेल तर अजिबात नको.

धाकटीला गेल्या आठवड्यात एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळायची, लस दिली. 'एवढ्यात कशाला?' म्हणून आजी रुसली. पंधराच्या आत दोनच डोस लागतात, म्हणून उरकलं.

रविवारी ये. रंकाळ्यावर फिरता फिरता बाकीचं विचार.

तुझा,
बाबा

ता. क. लिहिताना आई डोकावून गेली. 'मित्र जेवतो ना नीट?' एवढंच म्हणाली.