येर्बा मातेबद्दल तू विचारलंस म्हणून

पोसादास, आर्जेंटिना

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं. कॉफी सोडून येर्बा माते, म्हणजे इकडचं झाडाच्या पाल्याचं पेय, सुरू केली तर झोप सुधारेल का, असं विचारलंयस. अरे, 'हर्बल' या शब्दावर जाऊ नकोस. हे झाड चहाच्या नाही, हॉलीच्या (नाताळात सजावटीला लावतात त्या झुडपाच्या) कुळातलं. पण त्यातलं कॅफीन कॉफीतलंच. शिवाय थोडं थिओब्रोमीन, कोकोत असतं तेच.

इथे आल्या आल्या मीही फसलो. वाळवलेल्या भोपळ्याच्या छोट्या तुंब्यात पाऊण भाग पाला, शेजारी लिटरभराचा थर्मास. घोट-दोन घोट पाणी ओतायचं, नळीने ओढायचं, पुन्हा ओतायचं. किती कप झाले याचा हिशोबच राहत नाही. संध्याकाळपर्यंत थर्मास संपायचा आणि रात्री दोनला मी छताकडे बघत पडलेला. सलग तीन रात्री! आता दुपारी दोननंतर तुंब्याला हात लावत नाही.

करायची पद्धत शेजारच्या आजींनी शिकवली. तुंबा तिरका धरून पाला एका बाजूला सारायचा, मोकळ्या जागेत आधी कोमट पाणी, ते मुरलं की बोंबिशा, म्हणजे तळाशी गाळणी असलेली धातूची नळी, खोचायची. मग ती अजिबात हलवायची नाही. पाणी ७० ते ८० अंशांचं. उकळतं घातलंस तर पाला जळतो आणि कडवटपणा जिभेवरून उतरत नाही. पहिला घोट हिरवा, कडू, किंचित धुरकट. वर फेस येतो तो पाल्यातल्या सॅपोनिनांमुळे. दहा-बारा वेळा पाणी घातलं की चव उतरते. 'लावादो' झाली म्हणतात, म्हणजे धुतली गेली.

मातेने कॅन्सर होतो असं तू वाचलंस, ते नीट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ मध्ये गरम मातेला संशयितांत धरलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा बोट पाल्याकडून उष्णतेकडे वळलं: ६५ अंशांवरचं कुठलंही पेय अन्ननलिकेला धोक्याचं असू शकतं. नळी तर चटका थेट घशाशी नेते. म्हणून ओतल्यावर जरा थांब. पाला धुरावर वाळवतात, त्यातूनही काही घातक द्रव्यं येतात. धुराविना वाळवलेला मिळाला तर तोच घे. पराग्वेत तर बर्फाच्या पाण्यात तेरेरे करून पितात, मला उन्हाळ्यात तेच आवडतं. वजन उतरतं वगैरेवर भिस्त ठेवू नकोस.

या झाडाचं मला फार अप्रूप आहे. इथले मूळ रहिवासी ग्वारानी लोक माते कितीतरी आधीपासून पीत आले. बी सहजी रुजत नाही; जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी ते रुजवून मळे उभे केले, पण १७६७ मध्ये त्यांना स्पेनच्या राज्यातून घालवलं आणि ती विद्याही मागे पडली. पुढे कितीतरी वर्षं लोक रानातल्या झाडांवरच अवलंबून होते.

तुला सकाळी, जेवणानंतर तासाभराने, एकच तुंबा चालेल. कॉफी बंद करूनच हं, दोन्ही एकत्र नको. पित्त उसळलं तर चार दिवस थांब. आणि वहिनींना सध्या देऊ नकोस. गरोदरपणात कॅफीन मोजून घ्यावं लागतं आणि यात ते मोजताच येत नाही. बाळ झाल्यावर मी स्वतः त्यांच्यासाठी तुंबा घेऊन येतो.

तुझा,
अविनाश