कोरोनच्या कुयाला

प्रिय कुया,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे मला. पण इंग्रजीत ‘थँक यू’ म्हणून झालं. बोटीवर चारदा, धक्क्यावर दोनदा, आणि दर वेळी तुम्ही नुसती मान हलवून हवेच्या टाक्या उचलायला वळलात. माझं काही समाधान झालं नाही. म्हणून आता मराठीत, सगळ्यांच्या देखत.

तुमच्याकडे फिलिपिन्समध्ये मोठ्या भावाला कुया म्हणतात आणि ओळखदेख नसलेल्या बोटवाल्यालाही तशीच हाक मारतात, हे पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असाल. तरी कुयाच.

आधी एक जुनी उधारी सांगते. तुमच्याकडे येण्याआधी मी एकदा दुसऱ्याच समुद्रात, पाठीला टाकी बांधून, बुडालेलं जहाज बघायला पाण्याखाली गेले होते. सात-आठ मीटरवर कान ठणकायला लागले. मी खुणा केल्या. तिथल्या प्रशिक्षकाने मला जरा वर न्यायचं सोडून टाकीला धरून आणखी खाली ओढलं, आणि मी हातपाय झाडायला लागले तेव्हा वैतागून वर आणून सोडलं. मग बोटीत, सगळे ऐकत असताना, “काकू, तुम्ही वरूनच फोटो काढा. हे सगळ्यांना जमत नाही.” पैसे पुरते घेतले ते वेगळंच. पण मला राग पैशांचा नाही, ‘काकू’चाही नाही, काकू आहेच मी. राग याचा, की त्याचं म्हणणं मी खरं धरून बसले. दोन वर्षं फिन्स माळ्यावर पडले होते. पुढे लेकीने हट्टाने डाइव्हिंगचे कोर्स पुरे करायला लावले, ३० मीटरपर्यंत जायचा परवानाही मिळाला, पण ‘जहाज’ म्हटलं की पोटात गोळा यायचा तो यायचाच.

आणि तुम्ही मला नेलंत ते अकित्सुशिमावर.

निघण्याआधी तुम्ही बोटीतल्या ओल्या फळीवर खडूने जहाज काढलंत. जपानी नौदलाचं, १९४२ साली सेवेत आलेलं. त्याचं काम लढाईचं नव्हतंच. पाण्यावर उतरणाऱ्या अवाढव्य विमानांची बडदास्त ठेवायची, इंधन द्यायचं, डागडुजी करायची, आणि वेळ पडली तर मागच्या क्रेनने अख्खं विमान उचलून डेकवर घ्यायचं. म्हणजे लढणाऱ्यांचं बाळंतपण करणारं जहाज म्हणा ना. मनिलावर अमेरिकेचे हवाई हल्ले झाल्यावर जपानी जहाजं कोरोनच्या बेटांच्या आडोशाला येऊन दडली, आणि २४ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांवरची विमानं तिथेही पोचली. अकित्सुशिमा डाव्या कुशीवर कलंडलं ते आजही क्युलियन बेटाजवळ तसंच पडलंय. वरची बाजू वीसेक मीटरवर, तळ ३५ च्याही खाली.

क्रेन तुम्ही सगळ्यात शेवटी काढलीत. त्याभोवती खडूने दोनदा गोल केलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, “तुम्हाला ही बघायचीय ना? मग हीच बघू. बाकीचं राहू दे.” आत शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. का, ते सांगताना आवाज खाली आणलात. आत माणसं आहेत, म्हणालात. शेजारच्या खोलीत कुणी निजलं असावं, तसं. ज्यांच्या सैन्याने तीन वर्षं तुमचा देश टाचेखाली ठेवला त्यांच्याबद्दल.

आता मुख्य गोष्ट.

पाणी हिरवं होतं. फोटोतलं निळंशार नव्हे, शेवाळलेल्या हौदाचं हिरवं. २८ मीटरवर त्या हिरव्यातून क्रेनचा हात एकदम पुढ्यात आला, आडवा, दोन्ही टोकं दिसेनाशी. आणि माझा श्वासावरचा ताबा सुटला. तिथे दाब जमिनीवरच्या जवळजवळ चौपट; हवाही तेवढीच दाट. घाईघाईने ओढावी तर पुरतच नाही, आणि पुरत नाही म्हणून माणूस आणखी घाई करतो. माझे बुडबुडे गिरणीच्या भोंग्यासारखे सलग चालले होते.

अशा वेळी सगळे काय करतात मला माहीत आहे. अंगठा आणि तर्जनीचा गोल करून विचारतात, ‘ओके?’ आणि उत्तरही त्याच खुणेने द्यायचं असतं. म्हणजे समोरच्याने गोल केला की आपलाही हात आपसूक गोल करतो, शाळेत ‘समजलं का?’ला सगळा वर्ग ‘हो’ म्हणायचा तसा. त्या खुणेने मी आजवर किती खोटं बोलले असेन!

तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्यासमोर आलात, डाव्या हाताने माझ्या जॅकेटचा पट्टा धरलात आणि त्याच हातातली टॉर्च फिरवून तिचा झोत स्वतःच्याच उजव्या तळव्यावर टाकलात. पंजा हळूहळू उघडलात. मग हळूहळू मिटलात. परत उघडलात. मला कळायला तीन-चार आवर्तनं जावी लागली. उघडला की श्वास घ्यायचा, मिटला की सोडायचा. तुमचे बुडबुडेही मुठीबरोबरच सुटत होते.

त्या सगळ्या हिरव्या अंधारात तेवढा एक हात खऱ्या रंगाचा होता. तर्जनीचं नख काळं पडलेलं, कधीतरी टाकीखाली सापडलं असावं. मी त्या नखाकडे बघत श्वास घेतला. मला वाटलं पाच मिनिटं गेली. तुम्ही नंतर म्हणालात, एकच. पण तिथे मिनिटं मोजून मिळतात. त्या खोलीवर साध्या हवेवर वीस मिनिटं म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी. त्यातलं एक तुम्ही माझ्यापुढे मूठ उघडत-मिटत घालवलंत, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात मान वळवून क्रेनकडे बोट केलंत.

मी ती पाहिली, कुया. या टोकापासून त्या टोकापर्यंत. विमान उचलणारा तो हात आणि त्याच्याभोवती ताटल्यांसारखे बॅटफिश मासे.

वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबलो तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाठ करून दोर न्याहाळत होतात. मास्कमध्ये रडता येतं हे मला तेव्हा कळलं. नाक पुसता येत नाही, हेही.

संध्याकाळी माझ्या लॉगबुकात शेऱ्याच्या जागी तुम्ही लिहिलंत: ‘क्रेन पाहिली. श्वास छान.’ बस. जेवताना बाकीच्यांनी विचारलं कशी झाली डाइव्ह, तर तुम्ही मला बोलू दिलंत. मी किती घाबरले होते हे सांगायचं की नाही, ते माझ्यावर सोडलंत. उपकार करणारे भेटतात हो, त्यांची गोष्ट आपल्या आधी गावभर पोचलेली असते. दुसऱ्याची भीती बघून ती खिशात टाकणारा क्वचित. मेलेल्यांच्या खोलीपाशी आवाज खाली आणणाऱ्या माणसाकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती म्हणा.

तुमची,
बोटीतल्या डाव्या बाकावरची

ता. क. तुमच्या टॉर्चची मनगटाची दोरी एका जागी उसवली आहे, मासेमारीच्या तंगुसाने गाठ मारलीय तिथेच. मी अगदी जवळून बघितली आहे. बदलून घ्या.