अर्धी गोळी

नेहरूनगर, कुर्ला
गुरुवार, रात्री साडेबारा

संद्या,

आधी शिव्या घालून घे. अण्णांच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, नंतर फोनही केला नाही, आणि आता एकदम चार पानी पत्र. कागदावर लिहितोय कारण दुसरी सोय नाही. फोनवर बोललो तर आई स्वयंपाकघरातून ऐकते, बाहेर जाऊन बोलावं तर दोन्ही पोरं जिन्यात येतात. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणशील तर टॅबवर आई माझे सगळे मेसेज वाचते, वर "मला काय कळतंय त्यातलं" म्हणते.

तब्येत ठीक. शुगर काठावर आहे. आईचे गुडघे होते तसेच.

तर, निघतोय. २७ जूनची रात्र, म्हणजे हिशेबानं २८ च्या पहाटे अडीचचं विमान. फ्रँकफुर्टपर्यंत नऊ तास, तिथं चार तास बसकण, मग टोरांटोपर्यंत आणखी साडेआठ. दारापासून दारापर्यंत सव्वीस तास. केतकी तिकडं, म्हणजे ओजस, मिरू आणि मी. ओजस साडेचारचा, मिरू वीस महिन्यांची. दोन वर्षांच्या आतलं मूल म्हणून तिचं तिकीट माझ्या भाड्याच्या दहा टक्के, पण त्यात तिला सीट नाही, माझी मांडी आहे. पुढच्या भिंतीला लावतात तो पाळणा मिळेल म्हणून खूश होतो, तर त्याची मर्यादा अकरा किलो आणि आपली बाई साडेअकरा. आई म्हणाली, दोन आठवडे तूप बंद करते. आणि पाळणा मिळाला असता तरी विमान हलायला लागलं की पोर उचलून मांडीवरच घ्यावं लागतं, असं कळलं.

तयारी मात्र अशी चालू आहे की तू बघायला हवा होतास. रोज संध्याकाळी डायनिंगच्या खुर्च्या ओळीत लावतो. ओजस खिडकीशी, म्हणजे फ्रीजशी. मिरूला मांडीवर घेऊन माझ्या पट्ट्यात तिचा पट्टा अडकवायचा सराव माझ्या जुन्या कमरपट्ट्यावर करतोय. आई कपड्यांची टोपली ढकलत येते आणि विचारते, "भात का पोळी?" ओजस दर वेळी "पिझ्झा" म्हणतो आणि आई दर वेळी "संपला" म्हणते. विमानातसुद्धा हेच होणार, त्यामुळं हा सराव फुकट नाही. छोटी छोटी खेळणी घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीत, तासाला एक उघडायचं. स्टिकर, रंगीत चिकणमाती, एक टॉर्च. टॉर्च घेतली ही चूक झाली हे मलाही कळतंय.

संध्याकाळी गच्चीवर नेतो. सहारला उतरणारी विमानं दिसतात, चाकं बाहेर काढलेली. ओजसला सांगितलंय की विमान खाली यायला लागलं की कानात गच्च होतं, तेव्हा चघळायचं, गिळायचं. लहान मुलांची कानातली नळी अरुंद आणि आडवी असते, हवेचा दाब बदलला की पटकन मोकळी होत नाही, म्हणून ती रडतात. मिरूसाठी तेव्हाच सिपर द्यायचा, आधी नाही. शेवटचा अर्धा तास. मोठ्यांना वाटतं विमान वर जाताना त्रास होतो, पण खरी बोंब उतरताना.

तुला वाटलं असेल, याला कसली काळजी, सगळं तर पाठ आहे. आता ऐक.

गेल्या शनिवारी मी ओजसला औषध दिलं.

आजारी नव्हता. शुभामावशी आली होती, तिनं पर्समधून बाटली काढली. "आमच्या नातवाला दिलं होतं, न्यूअर्कपर्यंत हू की चू नाही. एक चमचा दे आणि तू पण झोप." सर्दीअ‍ॅलर्जीचं साधं सिरप, घरोघरी असतं. मी विचार केला, विमानात पहिल्यांदा देण्यापेक्षा घरी एकदा बघू. बघ कसा शहाणा! रात्री नऊला दिलं आणि सांगितलं की खोकल्याचं आहे. त्याला खोकला नव्हता. तो म्हणालासुद्धा, "बाबा, मी कुठं खोकलो?" मी म्हटलं, "रात्री खोकतोस, तुला कळत नाही."

साडेनऊपर्यंत डोळे जड. दहाला जे उठलं पोरगं! संद्या, साडेतीनपर्यंत घरात चक्रीवादळ. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. हसतोय, मग रडतोय, मग पंखा त्याच्याशी बोलतोय म्हणून सांगतोय. खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा बेल वाजवली. आई म्हणाली दृष्ट लागली आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी तिथं उभा राहून "हो, लागली असेल" म्हटलं. साडेतीनला खेळता खेळता फरशीवरच कोसळला आणि झोपला. आणि मग ती झोप मला आवडेना. फार गाढ. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसलो, श्वास मोजत. सातला दूधवाला आला तेव्हा हात मुंग्यांनी बधिर झाला होता.

सोमवारी एकटाच डॉक्टरांकडं गेलो. तेच आपले, ओजसच्या पहिल्या दिवसापासूनचे. सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हे अ‍ॅलर्जीचं औषध. झोप हा त्याचा दुष्परिणाम. दुष्परिणाम व्हावा म्हणून औषध देतात का?" काही मुलांना ते उलटं चढतं, शांत व्हायच्या ऐवजी पोर पिसाळतं. आणि ज्यांना नीट झोप लागते त्यांचंही खरं नाही. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. कळसूबाई ५४०० फूट, आठवतंय ना शेवटच्या शिडीवर तुझं काय झालं होतं? त्याहून विरळ हवेत श्वास मंदावणारं औषध पाजलेलं पोर मांडीवर घेऊन नऊ तास बसायचं. मग त्यांनी विचारलं, "धाकटीला नाही ना दिलं? दोन वर्षांखाली तर विचारसुद्धा करायचा नाही."

मी म्हटलं नाही दिलं. हे खरं आहे. पण अर्धा चमचा मोजून वाटीत काढून ठेवला होता, हेही खरं आहे. ती आपली आपणच आठला झोपली, म्हणून राहिला. सकाळी वाटी मी घासली, आईला घासू दिली नाही.

ही गोष्ट केतकीला माहीत नाही. आणि गंमत बघ, त्याच सोमवारी दुपारी तिचं कुरिअर आलं. एकटा पालक मुलांना घेऊन कॅनडात उतरला की दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ असलेलं बरं, सीमेवर विचारू शकतात. तिनं तिकडं नोटरीसमोर सही करून पाठवलंय. पोरांची नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे नंबर, माझा नंबर, आणि खाली, की मुलं वडिलांसोबत प्रवास करताहेत याला माझी पूर्ण संमती आहे. तिन्ही पासपोर्टांबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय. रोज एकदा काढून वाचतो. साचेबद्ध मजकूर आहे रे, इंटरनेटवरून उतरवलेला. तरी वाचतो.

तिला सांगू का? सांगितलं तर तिकडं सव्वीस तास ती काय करेल, तुला माहितीये ती कशी आहे. नाही सांगितलं तर ओजस सांगेल. तो विमानतळावरच सांगेल, "आई, पंखा माझ्याशी बोलला."

आता तू म्हणशील, हे मला का सांगतोयस. माहितीये तुला.

देवगड गाडी, मे १९९४. काकूंनी दोघांना मळमळीची अर्धी अर्धी गोळी दिली होती. तीस वर्षं मी म्हणतोय की माझी अर्धी तू मागून घेतलीस. तुझ्या हळदीलासुद्धा यावरून आपण भांडलो, तू पोहे टाकून उठलास. मागितली नव्हतीस. मीच दिली, लिमलेटच्या गोळीबरोबर, की यानं उलटी थांबते म्हणून. तू खिडकी सोडत नव्हतास. तू झोपलास की काकू तुला मांडीवर घेतील आणि खिडकी मला मिळेल, एवढाच हिशेब होता. मिळालीही. रात्रीच्या गाडीत, कशेडी घाटात, खिडकीतून काय दिसणार होतं मला? काळोख. हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा काकू तुला हलवत होत्या, पाणी मारत होत्या, कंडक्टर टॉर्च घेऊन आला, आणि मी खिडकीशी बसून बाहेर बघत होतो. ते मला शनिवारी रात्री आठवलं. श्वास मोजताना आठवलं नसतं तर बरं झालं असतं, पण मन कुठं आपलं ऐकतं.

काकूंना सांगायचं तर सांग. त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं होतं. परतीच्या गाडीत त्यांनी मला शेजारी बसवलं नव्हतं.

बाकी डॉक्टरांनी सांगितलं ते करतोय. झोपायची वेळ रोज थोडी थोडी उशिरा, कारण तिकडचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं. तासाला एक दिवस धरला तरी दहा दिवस पोरं रात्री तीनला उठून नाश्ता मागणार. पाणी सारखं पाजायचं, विमानातली हवा कोरडी. सर्दी असली तर नाकात सलाइनचे थेंब. तापाचं औषध आणि त्याची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. ती दुसरी बाटली मी बेसिनमध्ये ओतली. मावशीला सांगितलं, फुटली.

तुझं काय? दुकानाचा माळा वर घेतलास का? पाऊस सुरू झालाय आणि दर वर्षी मला २०२१ चे तुझे ते फोटो आठवतात, शटरच्या वरपर्यंत वासिष्ठी. माळ्याचं पुढं ढकलू नकोस. सायलीला अकरावीला कुठं मिळालं? ती सायन्स घेणार का तुझं ऐकणार? वहिनींना नमस्कार.

खरं काम हे की, २७ ला येतोस का? विमानतळावर आई नको, ती गेटपाशी रडेल आणि मग ओजस रडेल. तू ये. गेटपर्यंत पोरांकडं बघ, मी बॅगा चढवतो. पावसात ट्रेनचं काही खरं नाही, एसटीनं ये, गाडी आपल्या दारातच थांबते. साडेदहाला घरातून निघायचंय. जेवायला थांब, आई दशम्या करणारे.

तुझा,
योग्या

ता.क. काकूंनी खोबरं पाठवायचं म्हटलं तर आणू नकोस, सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलामुळं. आंबापोळी आण, जाड असेल ती. ओजसला आवडते आणि दाताला चिकटते, उतरताना अर्धा तास चघळत बसेल.