तुमच्या तीन नकारांबद्दल

माननीय कॅप्टन साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कोटावरील पट्टीवर तुमचे नाव मी वाचले होते; परंतु तुमची परवानगी न घेता ते चारचौघांत लिहिणे मला योग्य वाटत नाही. तुम्ही कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचे प्रमुख, असलेल्या छत्रपती संभाजीनगरातील जालना रस्त्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये गेल्या पावसाळ्यात लातूरहून आलेले एक कुटुंब जेवायला बसले होते, सोबत धोतर-टोपीतले आजोबा आणि अकरा वर्षांची एक मुलगी होती, एवढ्यावरून तुम्ही आम्हाला ओळखाल अशी मला खात्री आहे.

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. गव्हातील ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. आठव्या वर्षी रक्ताची तपासणी आणि एंडोस्कोपी होऊन निदान झाले. त्याआधीची दोन वर्षे आम्ही तिला कधी लोहाचे, तर कधी जंताचे औषध देत राहिलो. गव्हासह ग्लुटेन असलेली सगळी धान्ये आयुष्यभर वर्ज्य करणे हाच यावरचा उपाय आहे. घरी याचे ओझे वाटत नाही, कारण आमच्या ताटात मुळात ज्वारीची भाकरीच असते. वेळ अमावस्येच्या सणाला शेतात कोपीपुढे बसून ती भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील इतरांच्या बरोबरीने पोटभर जेवते, फक्त गव्हाची खीर तिला वाढायची नसते. अडचण येते ती बाहेर जेवताना. एका हॉटेलात आम्ही सगळे नीट समजावून सांगितले होते, तेव्हा ‘थोड्याने काही होत नाही’ असे म्हणून तिच्यापुढे ताट ठेवले गेले आणि पुढचे चार दिवस लेकरू अंथरुणाला खिळून होते. तेव्हापासून बाहेर जेवायचे ठरले की डबा आमच्याबरोबर असतो.

तपासणीसाठी संभाजीनगरला आलो असता वर्गातल्या मैत्रिणींकडून ऐकलेले ‘खरे चायनीज’ खाण्याचा तिने हट्ट धरला. काळ्या लाकडाच्या जाळ्या, तांबड्या कंदिलांचा मंद उजेड आणि काचेपलीकडे कढईतून उसळणारी ज्वाळा पाहून ती हरखून गेली होती. त्या दिवशीही पिशवीत डबा होता आणि तो उघडू द्याल का, असे विचारण्यासाठीच मी तुम्हाला हाक मारली होती. डब्याचे कारण तुम्ही विचारलेत आणि मी ते सांगितल्यावर मेनूकार्ड मिटून मुलीच्या शेजारी वाकून उभे राहिलात.

तिने सर्वांत आधी क्रिस्टल डिमसमवर, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या चिनी मोदकांवर, बोट ठेवले. त्याची पारी काचेसारखी पारदर्शक असते, म्हणून ती तांदळाची असणार असे मीही धरून चालले होते आणि तुम्ही नसता तर मी तेच मागवले असते. ती पारी गव्हाच्या स्टार्चची असते, हे तुम्ही सांगितलेत. दुसरा नकार मंचुरियनला होता. हा पदार्थ चीनमधून आलेला नसून १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वांग यांनी तो केल्याचे सांगतात, त्याचा सारा जीव सोया सॉसमध्ये आणि मक्याच्या पिठात आहे, शिवाय गोळ्यांमध्ये मैदा आधीच मिसळलेला असतो, म्हणून तो देता येणार नाही, असे तुम्ही तिला मोठ्या माणसाला सांगावे तसे समजावलेत. तिसऱ्यांदा तिने नुसते तळलेले बटाटे मागितले. बटाट्यात गहू नसतो, हे तिला पाठ आहे. परंतु त्याच तेलात स्प्रिंग रोल तळले जातात आणि तेल कितीही तापले तरी ग्लुटेन नाहीसे होत नाही, म्हणून तुम्ही त्यालाही नाही म्हणालात. एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असलेल्या पदार्थाला आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणता येत नाही. ही मर्यादा किती बारीक आहे, हे डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कोणाला तरी उमगलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

माझ्या सासऱ्यांची, आबांची, औसा तालुक्यात शेती आहे आणि खरिपात त्यांचे बहुतेक रान सोयाबीनखाली असते. “सोया सॉस तर आपल्या सोयाबीनचाच असंल की, मग लेकराला का चालत नाही?” असे त्यांनी विचारले, तेव्हा तुम्ही आतून बाटली आणून तिच्यावरील घटकांच्या यादीतला ‘गहू’ हा शब्द त्यांना बोटाने दाखवलात. सोयाबीनबरोबर गहू आंबवूनच हा सॉस बहुधा तयार होतो, हे ऐकून ते बराच वेळ ती बाटली हातात धरून बसले होते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या प्रश्नाला बाटली आणून उत्तर देण्याइतके महत्त्व तुम्ही दिलेत, ही गोष्ट ते गावी अजूनही सांगतात.

त्यानंतर तुम्ही जे वाढलेत, ते मेनूकार्डावर कुठेच नव्हते. शेफनी कढई घासून धुतली, चाळण आणि डाव वेगळे घेतले आणि आले, लसूण, पातीचा कांदा, मीठ व पांढरी मिरी एवढ्यावरच भात परतला, हे काचेतून आम्ही स्वतः पाहिले. मक्याच्या पिठाने दाट केलेल्या आल्याच्या रश्शातल्या भाज्या होत्या, तांदळाच्या नूडल्स होत्या आणि शेवटी आइस्क्रीमसोबत लिची होती. भाताला त्या मोठ्या आचेचा जो धुरकट वास असतो, तो घरच्या शेगडीवर मला आजवर साधलेला नाही. सॉसचा थेंबही नसताना तो भात इतका चविष्ट लागला की मुलीची ताटली पाहून मी माझीही तीच मागवली. चॉपस्टिक कशी धरायची, हे तुम्ही तिला दोनदा दाखवलेत. निघताना मी पिशवी उचलली, तेव्हा भाकरीचा डबा तसाच भरलेला होता.

वेळ अमावस्या झाल्यावर पुढच्या तपासणीसाठी आम्ही पुन्हा आलो. मी फोनवर टेबल राखून ठेवताना केवळ आडनाव सांगितले होते. तुम्ही एक सीलबंद बाटली घेऊन टेबलापाशी आलात आणि गव्हाविना केलेला तामारी नावाचा जपानी सोया सॉस मागवून ठेवल्याचे सांगितलेत. त्या बाटलीचे सील तुम्ही स्वतः न तोडता ती माझ्या हातात दिलीत, जेणेकरून यादी मला आधी वाचता यावी. मी ती दोनदा वाचली. पाणी, सोयाबीन, मीठ. त्या बाटलीचे पैसे बिलात लावलेले नव्हते, हे लातूरला पोहोचल्यावर माझ्या लक्षात आले. त्याबद्दल, भाताबद्दल आणि सर्वांत अधिक त्या तीन नकारांबद्दल मी आणि माझे सारे घर तुमचे व काचेपलीकडच्या शेफचे मनापासून आभार मानतो.

त्या दिवशी आबांनी सॉसचा एक थेंब बोटावर घेऊन आधी स्वतः चाखला आणि मग वाटी नातीकडे सरकवली. “घे माय, हे आता नुसतं आपल्या रानातलं हाय,” असे ते म्हणाले आणि तिने अख्खी वाटी भातावर ओतली.

पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे. आम्ही चौघे येऊ.

आपली नम्र,
लातूरची एक आई